परिशिष्ट कोण वाचतं?

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, शरद बाइंडिंगवाल्याच्या शेजारी, मनोरमा शितोळेंचं टायपिंगचं दुकान आहे. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. मनोरमाबाईंच्या वाट्याला घोड्याऐवजी कीबोर्ड आला, पण दौड तीच. चौतीस वर्षांत गव्हावरचा तांबेरा, माळव्यातल्या विहिरी, कबड्डीपटूंचे गुडघे असे शे-दीडशे प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेले. नियम एकच: जे लिहिलंय तेच टाइप करायचं. फार पूर्वी एका प्राध्यापकांच्या प्रबंधातली लढाईची तारीख त्यांनी दुरुस्त केली, तर साहेब कडाडले होते, "बाई, तुम्ही बोटं चालवा, डोकं राहू द्या." तेव्हापासून त्यांनी डोकं राहू दिलं होतं.

सध्या श्रियाचा प्रबंध चालू होता. विषय, हॅना नावाची एक अमेरिकन लेखिका, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. प्रबंध जमा करायची मुदत आज पाचपर्यंत; दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की लग्नानंतर हॅना नऊ वर्षं गप्प राहिली, संसाराने तिची लेखणीच हिसकावली. प्रकरण इतकं करुण की टाइप करताना मनोरमाबाईंनी दोनदा चष्मा पुसला होता.

सकाळी श्रिया शेवटचा गठ्ठा टाकून गेली. हॅनाने बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या झेरॉक्स.

"काकू, ही पत्रं बस परिशिष्टात टाका. तिकडच्या लायब्ररीने परवाच भेजली. जरा जाडी येते."

बाराव्या पत्राशी बाईंची बोटं थांबली. लग्नाच्या पाचव्या वर्षातलं पत्र. हॅना बहिणीला सांगत होती की या मंगळवारचंही सदर तिने पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहिलं. पेपरवाले नाव छापत नाहीत ते बरंच, नवऱ्याच्या आईला कळत तरी नाही.

म्हणजे ही बया त्या गप्प वर्षांत दर मंगळवारी लिहीत होती! आणि इकडे आपण चष्मे पुसतोय.

"शरद भिया," त्यांनी भिंतीपलीकडे हाक दिली, "प्रबंधच चुकीचा असेल तर?"

"तो क्या मॅडमजी! आपल्याला काय? माझा सोनेरी ठप्पा सगळ्यावर सारखाच बसतो."

बाईंनी दोन ओळी पुढे टाइप केल्या. मग वाटलं, बाहेरून येणारा परीक्षक नेमका परिशिष्ट उघडणारा निघाला तर पोरगी सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल. आणि सांगावं तर सहा तासांत प्रकरण लिहिणार कोण? ती भडकली तर? बोटं चालवा, बाई.

त्यांनी श्रियाला फोन लावला.

श्रिया स्कूटीवर आली ती हेल्मेटसकट दुकानात. पत्र वाचलं, खाली बसली.

"तू ही पत्रं वाचली होतीस का गं?"

"परिशिष्ट कोण वाचतं, काकू?"

"मी वाचते. मला इलाज नाही."

श्रिया क्षणभर रडवेली झाली, मग एकदम हसत सुटली. "अरे यार! पिठाच्या डब्यावर! सासूपासून लपवून! काकू, हे तर माझ्या रडगाण्यापेक्षा कितीतरी भारी आहे."

मग ती प्रकरण नव्याने सांगत गेली आणि बाई बडवत गेल्या. मध्येच बाई म्हणाल्या, "चौदावं पत्रही घाल, त्यात ती संपादकाला झापते." एकोणिसाव्यात सदर लिहिता लिहिता कोबी करपल्याचं निघालं, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की शरद खळ हालवता हालवता डोकावून गेला. साडेतीनला नऊ मूक वर्षं चांगली बोलकी झाली.

"एक पान राहिलं," म्हणत श्रियाने आभाराच्या कागदावर लाल पेनाने खाली लिहिलं: तिसऱ्या प्रकरणातला शोध मनोरमा शितोळे यांचा.

"हे काढ," बाई गडबडल्या. "टायपिस्टचं नाव कोणी घालतं का?"

"काकू, नियम काय आहे?"

"जे लिहिलंय तेच!" पलीकडून शरद ओरडला. "चौतीस साल से सुन रहा हूं. आणि मॅडमजी, पौने चार हो गए!"

बाईंनी चष्मा सारखा केला. दुसऱ्यांची शंभर नावं डोळे मिटून मारणारी बोटं आता एकेक अक्षर शोधत होती.