गोबरीचे गाल

घरात तिला सगळे गोबरी म्हणत. जन्मली तेव्हाच गाल असे, की सुईण म्हणे आईला म्हणाली होती, "पोरीने येतानाच तोंडात काहीतरी लपवून आणलंय." ते गाल अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकले. मग आतड्याचं ऑपरेशन झालं, वीस किलो वजन उतरलं. पुढे अंगावर थोडं मांस चढलं, पण गालांची पार खोबणी झाली ती झालीच. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आजारपणानंतर तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

ती कवळ्या बनवायची. डेंटल लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल तिचं. गुलाबी मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा. बसलेले गाल वर यावेत म्हणून मेण कुठे किती जाड ठेवायचं, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

ब्याऐंशी वर्षांची आई दादाकडे असायची. आईला विसरण्याचा आजार होता, पण माणसं ओळखायची. ऑपरेशनमुळे गोबरीचं चार महिने जाणं झालं नाही. नंतर एका रविवारी गेली, तेव्हा आई दादाला म्हणाली, "या बाईंना पाणी दे."

"आई, मी गोबरी."

"गोबरी बाहेर गेलीय. येईल इतक्यात. बसा तुम्ही."

ती बसली, पाणी प्यायली. वहिनी आत जाऊन डोळे पुसून आली. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. पुढचे सात रविवार हेच.

एका दुपारी लॅबमध्ये कुणी नसताना तिने मेणाच्या दोन गोळ्या मऊ केल्या, गालांत वर सरकवल्या आणि बेसिनवरच्या आरशात पाहिलं. नेमके मालक आले.

"बाई, दाढ सुजली वाटतं?"

तिने मान हलवली. त्या रविवारी दादाच्या जिन्यात उभं राहून तिने त्याच गोळ्या गालांत भरल्या.

आई मिनिटभर पाहत राहिली. "गोबरे, किती उशीर! एक बाई येऊन तुझी वाट बघून गेली."

गोबरी बोलायला गेली, तर मेण जिभेवर आलं.

"काय आहे तोंडात? टाक आधी!" आई दटावून म्हणाली.

तिने आत जाऊन मेण थुंकलं, तोंड धुतलं. बाहेर आली, तर आई म्हणाली, "बसा ना. गोबरी आत्ता इथेच होती. गेली कुठे कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी गोबरीने चेहऱ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. "दोन मार्ग आहेत. फिलर म्हणजे सुईने जेल भरायचं. चार दिवस सूज, कधी काळंनिळं. वर्ष-दीड वर्षात ते विरतं, मग परत भरायचं. दुसरं इम्प्लांट. वरच्या ओठाच्या आतून चीर देऊन हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसवायचा. ते कायमचं, पण ऑपरेशन आहे. पू होऊ शकतो, तुकडा सरकू शकतो. गाल काही आठवडे बधिर राहतात, क्वचित कायमचेही."

"त्याचं काही नाही," गोबरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. गोबरी तोवर टेबलावरच्या नमुन्याच्या सिलिकॉन तुकड्याची कड अंगठ्याने चाचपत होती. घासकाम चोख होतं.

"दर वर्षी सुया नको असतील तर इम्प्लांट बरं. किती वर्षांचा विचार आहे?"

"आई ब्याऐंशीची आहे."

"मी तुमच्याबद्दल विचारतेय."

"मीही तेच सांगतेय. वर्षभर पुरलं तरी खूप झालं. फिलरच करा."

आईचं सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई ओळखतीलच, असा शब्द मी देऊ शकत नाही."

"मेणाला ओळखलं होतं," गोबरी म्हणाली.

दादा फोनवर चिडला. "वेड लागलंय का तुला? एका हाकेसाठी तोंडात सुया?"

"तोंडात नाही, गालात."

"भीती नाही वाटत?"

तिने जरा थांबून, आत काही हलतंय का ते पाहिलं. "नाही वाटत."

सूज उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी आईने तिला पाणीच देववलं. दुसऱ्या रविवारी मात्र म्हणाली, "गोबरे, केस कधी पिकले गं तुझे?" पुढे असंच चाललं, कधी गोबरी, कधी बाई. एकदा आईने तिचा गाल दोन बोटांत धरून चांगला चिमटा काढला. गाल दाबायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गोबरीने दुसराही पुढे केला.

दहाव्या महिन्यात आई झोपेतच गेली. दादा लहान पोरासारखा रडला. गोबरीने भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या, कपबशा विसळल्या. "तुझी तब्येत मात्र सुधारली हो," एक मावशी म्हणाली. गोबरी "हो" म्हणाली.

वर्ष भरल्यावर दवाखान्यातून फोन आला. "मॅडम, परत भरायची वेळ झालीय. कधी येताय?"

"नको."

"काही त्रास झाला का?"

"नाही. काम झालं."

गाल उतरायला पुढे सहा-सात महिने लागले. रोज पाहणाऱ्यांना कळलंही नाही. रविवारी ती अजून दादाकडे जाते. वहिनी चहा करते, तिघं टीव्ही बघतात. मध्येच दादा तिच्या पुन्हा बसलेल्या गालांकडे बघतो आणि नजर काढून घेतो. ती विचारत नाही.