सहाव्या रिळातला जोड

सातवीत शाळा सुटल्यावर मी दोन वर्षं जत्रांमधल्या तंबूतल्या सिनेमावर होतो. पडद्यावर चित्र टाकायचं मशीन ऑपरेटरमामा चालवायचे. मी रिळं उलटी गुंडाळायचो आणि तुटलेली फिल्म जोडायचो. पण जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात लेथ शिकायला आल्यावर डॉक्टरसाहेबांना मी "मशीनवर होतो" असं सांगून बसलो. पुण्याचे हे गृहस्थ फ्रँकफर्टला रसायनशास्त्राचं संशोधन करत. माझी सगळी सरकारी पत्रं ते लिहून द्यायचे. एवढ्या शिकलेल्या माणसापुढे जरा वजन वाढवावंसं वाटलं, दुसरं काय!

त्यांनी एका रविवारी सकाळी तिथलं एक थिएटर भाड्याने घेऊन हिंदी चित्रपट ठेवला. लंडनहून प्रिंट आली. लोक मानहाइम, स्टुटगार्टहून निघालेसुद्धा होते, आणि थिएटरचा म्हातारा ऑपरेटर सहावं रीळ हातात धरून म्हणाला, "हे माझ्या मशीनवर नाही चढणार. कडेची भोकं फाटलीत. आत अडकलं तर खेळ बंद."

सहाव्या रिळातच ते गाणं होतं. जर्मनीत रेडिओ सिलोन लागायचं नाही; त्या एका गाण्यासाठीच माणसं येत होती.

"आमचा हा माणूस ऑपरेटर आहे," डॉक्टरसाहेब जर्मनमध्ये म्हणाले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "परवाना?"

माझे कान तापले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी खोटं बोललो. मी फक्त जोड द्यायचो."

 त्यांनी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारा म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. मला जोड देणाराच हवाय." आणि त्याने माझ्यापुढे ब्लेड आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट ठेवलं.

फाटका भाग दुसऱ्या अंतऱ्यात होता. तो कापावाच लागणार होता. वाटेल तिथे कापलं असतं तर तबला लंगडला असता. गाणं मला तोंडपाठ होतं; तोंडाने ठेका धरत, फिल्मच्या कडेवरची आवाजाची रेघ भिंगातून बघत, एक अख्खी ओळ मी काढून टाकली. सिमेंट लावून जोड दाबून धरला.  म्हाताऱ्याने तो जोड वाकवून पाहिला आणि रीळ लावायच्या रिळांमध्ये ठेवलं.

सहावं रीळ लागलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. सगळं थिएटर गात होतं. लोक गाळलेली ओळ म्हणू लागले, पडद्यावरची बाई पुढे गेली, कोणीतरी ओरडलं, "अगं, थांब की जरा!" हशा झाला. जोड टिकला. आणि लगेच लोक उभे राहिले, चारी बाजूंनी "वन्स मोअर! वन्स मोअर!"

डॉक्टरसाहेब धावत आले. "काय रे, सांगू का त्याला पुन्हा लावायला?"

त्यांना मी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. पण तो जोड पुन्हा मशीनमधून जाणं म्हणजे उरलेला अर्धा चित्रपट पणाला.

"नाही," म्हटलं. "सोसायचा नाही."

"लोक ऐकणार नाहीत रे."

"मी सांगतो."

शंभर शिकलेल्या माणसांसमोर मी खुर्चीवर चढलो. "जोड कच्चा आहे," एवढंच बोलता आलं. "तुटला तर शेवट नाही दिसणार. बसा."

 मग पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, बसा ना सगळे! त्याला कळतंय ते."

बसले. सातवं रीळ लागलं.