तर्रीची पहिली पळी

आबांनी मेंढरं राखून मला पदवीपर्यंत शिकवलं. त्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी तेल, तूप, चरबी कमी करा म्हणून सांगितलं. ते घरात मलाच नीट कळलं. उपकार फेडायची संधी आली, असं मला वाटलं.

आबा वाचले म्हणून गावी कंदुरी केली, नवसाचा बोकड कापला. आमच्या भावकीत रश्श्यावरच्या तर्रीची पहिली पळी सगळ्यात थोरल्याच्या ताटात पडते, मगच पंगत जेवते. तो मान आबांचा. धाकटे चुलते पळी घेऊन आले तसा मी त्यांचा हात धरला, आबांना बिनतेलाचा रस्सा वाढला आणि चरबीनं रक्तवाहिन्या कशा बंद होतात ते पंगतीला समजावून सांगितलं.

"दादा, पोरगं शिकलं आन् तुमी लेकरू झालाव," चुलते म्हणाले. पंगत हसली. पहिली पळी त्यांनी स्वतःच्या ताटात ओतली. आबा खाली मान घालून जेवले.

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं. "वर्षातून एक पळी चालली असती हो," ते म्हणाले. आबा शेजारीच बसले होते.

यंदा भावकीत पुन्हा कंदुरी झाली, तेव्हा मी चुलत्यांना म्हणालो, "आबांना वाढा, चालतं त्यांना."

"नगं बाबा. जिवाला धोका हाय, तूच म्हनलास," म्हणत त्यांनी पळी पुन्हा स्वतःच्या ताटाकडं वळवली.

आबांनी आपलं ताट माझ्याकडं सरकवलं. "तुजं ते पानी वाढ," म्हणाले.