गिरणीवाल्या बाईंची सुनावणी

जुन्नर-पुणे एसटीत कळंबला एक बाई चढल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. पन्नाशीच्या असतील. मांडीवर कागदांची पिशवी होती. बसल्या बसल्या म्हणाल्या, "पावणं, तुमी जरा कंपनीचे वकील व्हता का?"

त्यांची पिठाची गिरणी शॉर्टसर्किटनं जळाली होती. विमा कंपनीनं भरपाई नाकारली, म्हणून त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली होती. आज सुनावणी होती आणि वकील न लावता त्या स्वतःच बोलणार होत्या; त्याचा सराव त्यांना माझ्याबरोबर करायचा होता.

"विमा दुकानाचा होता, गिरणी तर पडवीत होती," मी आवाज चढवून म्हणालो.

"इमा उतरवताना तुमचाच मानूस पडवीत हुबा राहून गिरणीचा फोटो काढून गेला. चहा पन तिथंच पिला."

पुढच्या सीटवरचे लोक हसले. मंचर येईपर्यंत कंडक्टरही कंपनीच्या बाजूनं प्रश्न विचारू लागला. त्या आम्हा दोघांना पुरून उरल्या.

संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या पुन्हा भेटल्या. आयोगानं कंपनीकडे तो फोटो मागितला आणि कंपनीनं पूर्ण भरपाई कबूल केली होती. मला आनंद झाला, पण त्यांना वेगळंच सांगायचं होतं.

"कंपनीच्या हापिसात दर खेपंला हुबीच राह्यले, राव. आन् आयोगातल्या मॅडम पयल्यांदा काय म्हनल्या? ताई, लांबून आलात, बसून बोला."

कळंब येईपर्यंत हे वाक्य त्यांनी सगळ्या गाडीला मॅडमच्याच शुद्ध भाषेत ऐकवलं.