सुमैतांगीकडची वाट

माझा चुलतभाऊ रामोजी याने मला फसवले. बाजारात फसवले असते तर मी त्याला सोडले नसते. त्याने फसवले ते देवाच्या डोंगरावर, तोंडभर हसून. कुंभकोणमला माझे पितळी भांड्यांचे दुकान आहे. लोकांच्या काळ्या पडलेल्या समया घासून घासून मी ते उभे केले. घासाघिशीत मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. त्यामुळे ही फसवणूक घशात अडकली आहे. लिहून तरी खाली उतरते का, ते बघतो.

आमचे पूर्वज मराठा राजांच्या काळात इकडे तमिळ मुलखात आले आणि इथला मुरुगन आमचा देव झाला. दर वर्षी आमच्या भाऊबंदांपैकी एका घराने मेलकावेरीच्या घाटावर कावेरीच्या पाण्याने कलश भरायचा आणि पश्चिमेला, भातशेती संपून खडक सुरू होतो तिथल्या एका बुटक्या डोंगरावर दुपारच्या अभिषेकाला न्यायचा. पायथ्याच्या गावापर्यंत बस जाते, पण बसमध्येही कलश मांडीवर. वाटेत तो जमिनीला टेकवायचा नाही, ही एकच अट. अभिषेकात ज्याचे पाणी पहिले पडते, त्या घराचा त्या वर्षीचा मान.

यंदा पाळी माझी होती, आणि नवसही माझाच. बायकोच्या पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी मुरुगनाशी सौदा केला होता. ‘हिला घरी आण, कलश मी नेईन. एकटा नेईन, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही.’ शेवटचे कलम त्याने मागितले नव्हते. गिऱ्हाईक अडले की मी वर एक झाकण देतो, तसे ते मी वर टाकले. ती घरी आली. पण माझ्या मनातली शंका गेली नाही. हे देवाने केले की डॉक्टरांनी? माल कुणाचा, हे कळल्याशिवाय मी कधी काही घेतलेले नाही.

नवसासाठी मी दुकानातला सर्वांत जड कलश काढला. बायको म्हणाली, “अहो, लहान न्या. देवाला पाणी हवंय, पितळ नको.”

“देवाला वजन कळतं,” मी म्हणालो.

“तुमच्या खांद्याला कळेल आधी.”

रामोजी सोबतीला आला. गावामागून डोंगरावर पायऱ्या जातात, आणि त्यांच्या डावीकडून बाभळींत शिरणारी एक पायवाट आहे. तिथे तो थांबला. “दादा, पायऱ्यांवर गर्दी दिसते. तुम्ही डावीकडून जा. अस्के इकडूनच जातात.” अस्के म्हणजे सगळे, आमच्या घरच्या बोलीतला शब्द. घरच्या शब्दाने बोलला म्हणून मी विश्वास ठेवला. “मी चपला ठेवून आलोच,” म्हणाला आणि गेला.

त्या वाटेने मात्र मला गुंतवून ठेवले. डोंगर लहान, पण त्याला किती वाटा फुटल्या होत्या! एक शेळ्यांच्या लेंड्यांनी भरलेली, एक कोरड्या झऱ्याकडे वळलेली, एक वारुळापाशी जाऊन संपलेली. भांडे उलटे करून त्यावरचे हातोडीचे ठोके बघायची माझी सवय. तसाच मी वाट बघत चाललो. ही इथे का वळली? हा दगड इतका गुळगुळीत कुणाच्या पायांनी झाला? गुळगुळीतपणा एका माणसाच्या जन्मात येत नाही, हे पितळवाल्याला कळते. पण वर चढणारे ‘अस्के’ काही दिसेनात.

मग समोर खडक आला, छातीएवढा उंच. चढायचे तर दोन्ही हात हवेत, आणि दोन्ही हातांत कलश. टेकवायचा नाही. मागे फिरावे तर अभिषेक चुकतो. रामोजीचा डाव तेव्हा कळला. मी त्याला मोठ्याने शिव्या दिल्या. डोंगराने त्या परत केल्या. कलश छातीशी आवळला, तसे पाणी हिंदकळून मनगटावर आले. माझा नवस माझ्याच हातांतून सांडत होता.

“तम्बी, कुडु,” मागून आवाज आला. भाऊ, दे इकडे. एक म्हातारी बाई होती, पदर खोचलेला, दोन्ही हात पुढे केलेले.

मी तमिळमध्ये विचारले, “बदल्यात काय घेणार?”

ती हसली. “तू देणार काय? तुझे हात तरी कुठे मोकळे आहेत?”

आयुष्यात पहिल्यांदा मला उलट भाव सांगता आला नाही. मी कलश दिला. खडकावर चढलो, वाकलो, तिने तो वर दिला. पुढच्या खडकावरही तसेच. माझे ते फुकटचे कलम तिथे मोडले, आणि आभाळ काही कोसळले नाही.

वर सपाटीवर दोन उभे दगड आणि त्यांवर आडवी शिळा होती, छातीच्या उंचीची. “सुमैतांगी,” ती म्हणाली. ओझे पेलणारी. “पोटुशी असताना बाई गेली की तिच्या नावानं उभारतात. तिचं ओझं उतरलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचं तरी उतरावं. ठेव. ही जमीन नव्हे.”

मी कलश शिळेवर ठेवला. दवाखान्यातला तो बाक आठवला. त्या दिवसापासून मी काय धरून बसलो होतो, ते धरलेले सुटल्यावर कळले. हात मोकळे होते म्हणून आपोआप जोडले गेले. देव की डॉक्टर, हा प्रश्न पडलाच नाही. वरून अभिषेकाची घंटा ऐकू आली. मान गेला, हे कळले, आणि छातीत जळले नाही. वळलो तेव्हा बाई दुसऱ्या वाटेने उतरत होती. नाव विचारायचे राहिले. ती कोण, हे मी ठरवत नाही.

देवळात रामोजी ओल्या देवासमोर उभा होता, हातात कावेरीच्या पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. “दादा, वाट चुकलात की काय?” मी तोंड उघडले, पण देवळातले पुजारी, गुरुक्कल, आधी बोलले, “भांडण खाली जाऊन करा. कलश इकडे द्या. मुरुगनाला सर्दी होत नाही.” माझे पाणी दुसरे पडले. पण पडले.

आता मी बायकोला घेऊन, ती बाई उतरली त्या सोप्या वाटेने, त्या डोंगरावर जातो. ती हळू चालते, मी वाटा धुंडाळतो. सुमैतांगीपाशी आम्ही डबा उघडतो. परवा ती म्हणाली, “रामोजीभावजींना एकदा नमस्कार करा. त्यांनी फसवलं नसतं तर हे दिसलं असतं?”

नमस्कार मी करणार नाही. तो अजून म्हणतो, “मला खरंच तीच वाट वाटली.” खोटे बोलतो. पण मुरुगा, त्याच्या खोट्याने मला तुझी खरी वाट कशी सापडली? आभार मी मानले आहेत, रोज मानतो. आता हिशेब नको, भाव नको, फक्त सांग. त्या फाट्यावर रामोजीच्या तोंडून कोण बोलले? तो उत्तर देत नाही, तर तू दे. मी पायथ्याशी उभा आहे, आणि या वेळी माझे हात मोकळे आहेत.