बाबांच्या शेजारची खुर्ची

बाबांना ज्या ज्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी बसले. फाईल माझ्या मांडीवर, प्रश्न बाबांना आणि उत्तरं माझी. "झोप लागते का?" असं डॉक्टरांनी विचारलं, की बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे, "दोन-तीन तास." मी शाळेत गणित शिकवते. मुलाला उत्तर यायला वेळ लागला, की त्याच्या हातातला खडू काढून घ्यायची मला वाईट खोड आहे.

बाबा बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. तिथे एका संध्याकाळी स्फोट झाला आणि त्यांचा सोबती गेला. मूळचा डभोईचा, गुजराती माणूस. अठरा वर्षं दोघं एकाच खात्यात, बसमध्ये एकाच बाकावर, डबाही एकत्र. त्यानंतर बाबा महिनाभर कामावर गेले. मग एका सकाळी बसच्या थांब्यावरून डबा तसाच घेऊन परत आले, ते आलेच. कुकरची शिटी झाली की जिन्यात जाऊन उभे राहायचे, म्हणून आई उघड्या पातेल्यात भात शिजवायला लागली. बोलणं 'हो', 'नको' आणि 'बरंय' एवढ्यावर आलं होतं. हे तीन शब्दही जातील, अशी मला भीती वाटायची.

सुरुवात नागरवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून झाली. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मेंदूचा फोटो काढला. तो स्वच्छ होता. आईने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तर दारावरची पाटी वाचून आई पायरीवरच थांबली. "आपल्या घरात कुणी वेडं नाहीये," ती म्हणाली. मी एकटीच बाबांना आत घेऊन गेले.

ते डॉक्टर भले होते. त्यांच्या गोळ्यांनी बाबांना झोप लागायला लागली. पण तेच म्हणाले, "औषध मी देतो. यांच्याशी बोलायला मात्र माणूस वेगळा लागेल. सायकॉलॉजिस्ट शोधा." हे सगळे एकच, फक्त पाट्या निरनिराळ्या, असं मी तोवर धरून चालले होते.

मग घरात खल झाला. मावशी म्हणाली, आपल्यातलंच कुणीतरी बघा. "माणूस रडतो तो मातृभाषेतच," हे वाक्य माझं. ते बोलल्यावर मला माझंच कौतुक वाटलं होतं. बडोद्यात मराठी माणसाला मराठी माणूस सापडायला वेळ लागत नाही. एक समुपदेशक बाई मिळाल्या. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, यात पहिला अर्धा तास गेला. बाबांनी चहा घेतला आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे." सहा वेळा गेलो, सहाही वेळा सगळं उत्तम. घरी येताना मी रिक्षात चिडले, "उत्तम काय म्हणता बाबा तिथे जाऊन?"

"बरंय," बाबा म्हणाले.

त्या बाईंचा दोष नव्हता. त्यांनी थोड्या महिन्यांचा कोर्स केला होता आणि दहावीच्या मुलांना परीक्षेच्या भीतीतून बाहेर काढणं हे त्यांचं काम होतं. औषधवाल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "भाषा बघितलीत, पण शिक्षण काय, अशी माणसं हाताळलीत का, हे विचारलंत?" नव्हतं विचारलं. भाजीवाल्याला मी वांग्यांबद्दल याहून जास्त प्रश्न विचारते.

त्यांनी दिलेल्या पत्त्यावर एक वयस्कर गुजराती गृहस्थ भेटले. रीतसर शिकलेले सायकॉलॉजिस्ट. अपघातातून वाचलेल्या माणसांबरोबर बरीच वर्षं काम केलेले. त्यांनी बाबांना पहिलाच प्रश्न केला, "कई भाषामां फावशे?"

"गुजराती," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. मला ते लागलं.

मग ते माझ्याकडे वळले. "बेन, तमे बहार बेसो."

"मुलगी आहे मी त्यांची," मी गडबडीत मराठीतच म्हणाले.

"एटले ज," ते म्हणाले. म्हणूनच.

मी बाहेरच्या बाकावर बसले. त्या दिवशी, पुढच्या आठवड्यात आणि त्याच्याही पुढच्या. चौथ्या खेपेला बंद दारातून बाबांचा आवाज आला. ते मोठ्याने रडत होते आणि गुजरातीत काहीतरी सांगत होते. मलाही रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. ज्या माणसाला माझ्या बापाने महिन्यापूर्वी पाहिलंही नव्हतं, त्याला सगळं मिळत होतं.

आता ओळखीतलं कुणी दबक्या आवाजात मला विचारतं, कुणाकडे जावं? मी सांगते, औषधाचा डॉक्टर वेगळा, बोलण्याचा वेगळा, कधीकधी दोन्ही लागतात. काय शिकलात, असं तोंडावर विचारा, त्यात लाजायचं कारण नाही. नाही जमलं तर बदला. आणि भाषा ज्याचं दुखतंय त्याला ठरवू दे.

चारेक महिन्यांनी ते दार उघडलं आणि आतून हाक आली, "आवो, बेन." बाबांनी तोंड धुतलेलं दिसत होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले. बाबा टेबलाकडे बघत बोलले.

"ते दिवसे सेकंड शिफ्ट मारी हती. में एने कीधुं, तुं जा, मारे घेर महेमान छे."

म्हणजे पाळी बाबांची होती, आणि घरी पाहुणे आहेत म्हणून त्यांनीच सोबत्याला आपल्या जागी पाठवलं होतं. त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे मला बघायला आलेले पुण्याचे लोक. बाबांनी घरात सांगितलं होतं की त्यांना सुट्टी आहे. इस्त्रीचा शर्ट घालून ते दुपारपासून पाहुण्यांना आग्रहाने लीलो चिवडा वाढत होते. मग कारखान्यातून फोन आला आणि सगळ्यांना तसंच बसवून बाबा पायात चप्पल न घालता धावत सुटले. पंधरा दिवसांनी पुण्याहून नकार आला. तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले होते, "एक दिवस, फक्त एक दिवस तुम्हाला माझ्यासाठी घरात थांबता आलं नाही."

त्या खोलीत मला ते शब्द जसेच्या तसे ऐकू आले. दोन वर्षं हा माणूस गप्प होता, आणि मी त्याचं तोंड उघडायला त्याच्याच शेजारी फाईल घेऊन बसत होते.

"बाबा," मी म्हणाले, "नकार आला तेव्हा मी काय बोलले होते, आठवतं तुम्हाला?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"नाही गं," ते मराठीत म्हणाले. "काही बोलली नव्हतीस तू."