बाईंचा प्रोग्राम

पुण्यातल्या एका महासंगणक केंद्रात माझी नोकरी आहे. संशोधकांनी लिहिलेले प्रोग्राम मोठ्या यंत्रावर चालतील असे करून द्यायचे, हे माझं काम. बाई मला तिथेच भेटल्या.

बाई क्षयरोगावर संशोधन करायच्या. रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंची जनुकं एकमेकांशी ताडून, कोणाची लागण कोणाकडून आली असावी हे शोधणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः, दवाखाना सांभाळून, वर्षानुवर्षं खपून लिहिला होता. नमुने वाढत गेले तसा तो त्यांच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर आठवडेच्या आठवडे घेऊ लागला. एकदा मध्येच वीज गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा त्या कात्रजहून स्कूटर हाणत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"अहो, मोठं यंत्र आहे ना तुमच्याकडे? मग घाला त्यात."

मी समजावलं, की मोठं यंत्र म्हणजे पुष्कळशा संगणकांची मोट असते. प्रोग्रामने काम वाटून दिलं नाही, तर एकटाच राबतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात.

"म्हणजे लग्नघर," बाई म्हणाल्या. "कळलं. पुढे?"

मी प्रोग्राम उघडला. जागोजागी त्यांनी स्वतःसाठी टिपा लिहून ठेवल्या होत्या, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत. एका ठिकाणी होतं, 'ithe haat lavu naye'. का, ते नव्हतं. मी विचारलं.

"लिहिलंय ना नको म्हणून? मग?"

मी हात लावला नाही. जंतूंच्या प्रत्येक जोडीची तुलना वेगवेगळ्या संगणकांना वाटून दिली. तीन आठवडे त्यात गेले. मग एका दुपारी बाईंसमोर तो चालवला आणि आम्ही डबे उघडले. जेवण संपायच्या आत उत्तरं तयार! मला तर नाचावंसं वाटलं. बाईंनी मात्र पिशवीतून एक वही काढली. जुन्या नमुन्यांची उत्तरं त्यात हाताने लिहिलेली होती. चष्मा सावरून त्या एकेक ओळ जुळवत बसल्या.

"ही दोन चुकली."

"दशांशातला किरकोळ फरक असेल," मी म्हणाले. "यंत्र बदललं की तेवढं होतंच."

"किरकोळ? या एका घरातल्या सासू-सुना आहेत. मी स्वतः गेले होते त्यांच्या घरी. एकीचा खोकला दुसरीला लागला. तुमच्या यंत्राने त्यांना परकं करून टाकलंय."

मला राग आला. पण दोन दिवस शोधल्यावर सापडलं: सगळे संगणक एकाच फाइलमध्ये लिहीत होते, आणि क्वचित एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर पडून ते पुसलं जात होतं. सासू-सुनांची जोडी तशीच पुसली गेली होती. मी प्रत्येकाला स्वतंत्र फाइल दिली. शेवटी सगळ्या एकत्र केल्या. मग बाईंना फोन लावला.

"चूक माझी होती."

"चला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझी असती तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. तू जेवलीस का गं?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'अहो'ची 'अगं' झाले.

पुढे यंत्राला काम कसं द्यायचं, तेही त्या शिकल्या. प्रत्येक आज्ञा वहीत उतरवून घेतली आणि पहिल्यांदा बटण दाबताना माझा हात बाजूला सारला. यंत्रापुढे इतरांच्या कामांची रांग असते, हे त्यांना अजिबात पटलं नाही. "माझे पेशंट खोकतायत, त्यांना रांग सांगू का?" असं आमच्या केंद्राच्या साहेबांना त्यांनी तोंडावर विचारलं. साहेबांनी चहा मागवला.

सगळे नमुने ताडून झाले तेव्हा एकाच वस्तीतले बरेच रुग्ण लागणीच्या एका धाग्यात आले. पुढच्याच आठवड्यात बाई आरोग्यसेविकांना घेऊन त्या वस्तीत गेल्या. आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला होता: "उद्या रजा टाक. ज्यांची उत्तरं काढलीस, त्यांची घरं तरी बघ."

मी रजा टाकली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले.